घर दोघींचे, कागद कोणाचा?

(एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

विवाहित माणसाला कायदा किती गोष्टी न मागता देऊन टाकतो, याची जाणीव त्याला बहुधा आयुष्यभर होत नाही. मांडवात किंवा विवाहनोंदणी कार्यालयात थोडा वेळ गेला की वारसाहक्क, कुटुंब-निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधीवरील हक्क, बक्षिसावरील करमाफी, मुद्रांक शुल्कातील सवलत आणि शेवटी जोडीदाराचे पार्थिव ताब्यात घेण्याचा अधिकार, हे सारे एकगठ्ठा पदरात पडते. त्यासाठी प्रत्येक वेळी वकिलाकडे जावे लागत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर विवाह हा अनेक करारांचा एक संच आहे आणि तो राज्यसंस्था जवळजवळ फुकट पुरवते. ज्यांना हा संच नाकारला जातो, त्यांना त्यातील एकेक करार स्वतंत्रपणे, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या जोखमीवर करावा लागतो. त्यांतील काही तर कोणत्याही किमतीला मिळत नाहीत. भारतातील समलिंगी जोडप्यांची आजची स्थिती नेमकी ही आहे. तिचा विचार भावनेच्या अंगाने पुष्कळ झाला. कागदपत्रांच्या अंगाने तो फारसा झालेला नाही.

प्रथम कायद्याची वाटचाल थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ ने हे संबंध गुन्हा ठरविले होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते निष्प्रभ केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गुन्हेगारीचा हा कलंक अखेर पुसला. पुढचा प्रश्न विवाहाचा होता. त्याचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ रोजी लागला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, याविषयी पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाहाव्यतिरिक्त अन्य स्वरूपात अशा सहजीवनाला मान्यता मिळण्याचा हक्क आहे, असे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांना वाटले, परंतु न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांच्या बहुमताने तेही नाकारले. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे आज दोन प्रौढ स्त्रिया वा दोन प्रौढ पुरुष एका घरात संसार करीत असतील तर कायद्याचा त्याला मज्जाव नाही. मात्र कायद्याच्या लेखी ती दोन माणसे एकमेकांची कोणीही नाहीत.

कोणीही नसण्याचा व्यावहारिक अर्थ काय, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहावे. कल्याण-डोंबिवलीकडील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत दोन हिंदू स्त्रिया अठरा वर्षे राहत आहेत, असे धरू. एक खाजगी कंपनीत हिशेबनीस आहे, दुसरी शाळेत शिक्षिका. सदनिका हिशेबनीस बाईंच्या नावावर आहे, कारण कर्ज त्यांच्या पगारावर मिळाले. हप्ता मात्र दोघींनी निम्मा-निम्मा भरला. घरखर्च, आजारपणे, एकीच्या वृद्ध आईची शुश्रूषा हे सारे दोघींनी केले. एके दिवशी हिशेबनीस बाई हृदयविकाराने जातात. मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे अविवाहित स्त्रीची मालमत्ता आईवडिलांकडे जाते आणि ते हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा भावाकडे. दहा वर्षांत ज्याने बहिणीच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही, तो भाऊ सदनिकेचा मालक होतो. शिक्षिका बाईंचे त्या घरातील स्थान भाडेकरूचेही राहत नाही. त्यांनी भरलेल्या हप्त्यांचा दावा करावा म्हटले, तर बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा आडवा येतो. पतीने वा पत्नीने जोडीदाराच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता त्या कायद्यातून वगळलेली आहे, परंतु हा अपवाद या दोघींसाठी नाही. विवाहितांना जो व्यवहार घरगुती म्हणून माफ आहे, तोच त्यांच्या बाबतीत संशयास्पद ठरू शकतो.

यावर पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय मृत्युपत्र हा आहे. आपल्याकडे मृत्युपत्र म्हणजे धनिकांच्या घरची गोष्ट, असा एक गैरसमज रुजलेला आहे. वास्तविक साध्या कागदावर लिहिलेले, करणाऱ्याने सही केलेले आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले मृत्युपत्र कायद्याने पुरेसे असते. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि जेथे नातेवाईक विरोध करण्याचा संभव आहे, तेथे दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करणे शहाणपणाचे. साक्षीदार वयाने लहान, सहज सापडणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. डॉक्टरने त्याच दिवशी मनःस्वास्थ्याचा दाखला द्यावा. नातेवाइकांना का वगळले आणि जोडीदाराला का दिले, याची कारणे दोन-चार सरळ वाक्यांत मृत्युपत्रातच लिहावीत. आणखी एक पथ्य महत्त्वाचे आहे. ज्या व्यक्तीला लाभ होणार, तिनेच वकील शोधला, तिनेच मजकूर सांगितला आणि सहीच्या वेळी तीच शेजारी बसली, असे दिसले की न्यायालय त्या मृत्युपत्राकडे संशयाने पाहते. म्हणून प्रत्येक जोडीदाराने आपल्या मृत्युपत्राच्या सूचना वकिलाला एकट्याने द्याव्यात.

मात्र मृत्युपत्राचे सामर्थ्यही सर्वांना सारखे नाही. हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता हवी त्याला देऊ शकते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार वारसांच्या संमतीवाचून एक-तृतीयांशापेक्षा अधिक देता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या वारसाकायद्यामुळे मुले किंवा आईवडील हयात असतील, तर साधारणपणे निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट इच्छेप्रमाणे लावता येते, आणि तेथील मृत्युपत्राची पद्धतही वेगळी आहे. तेव्हा मुंबईत तयार झालेला नमुना पणजीत जसाच्या तसा वापरणे धोक्याचे आहे. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू पडते. लंडनमध्ये वा टोरांटोत कायदेशीर विवाह केलेल्या समलिंगी जोडप्याला इथल्या वारसाहक्काच्या कायद्यात पती-पत्नीचे स्थान मिळत नाही. तेथील घरासाठी तेथील विवाह पुरेसा असला, तरी पुण्यातील सदनिकेसाठी भारतीय पद्धतीचे मृत्युपत्र हवेच.

दुसरा मोठा गैरसमज नॉमिनीसंबंधीचा आहे. बँकेत, विमा कंपनीत, सोसायटीत जोडीदाराचे नाव नॉमिनी म्हणून लावले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. केंद्रीय अर्थखात्याने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास किंवा एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही. हे स्वागतार्ह आहे, परंतु त्यातून नवा हक्क निर्माण झालेला नाही. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे तत्त्व पुन्हा एकदा ठासून सांगितले. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीच्या नावे सभासदत्वाची नोंद होते, पण मालकीचा प्रश्न वारसांमध्येच सुटतो. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती वा पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होईल, अशी तरतूद केली. समलिंगी जोडीदार त्या यादीत नाही. त्याला मिळालेली विम्याची रक्कम वारस मागू शकतात. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही दोन्ही हवीत, आणि दोहोंत एकच नाव हवे. नॉमिनीमुळे पैसा हाती येतो आणि मृत्युपत्रामुळे तो हाती राहतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

कामगाराच्या बाबतीत हा मार्गही अनेकदा बंद असतो. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेत सभासदाला 'कुटुंब' असेल तर त्या कुटुंबाबाहेरील व्यक्तीच्या नावे केलेले नामनिर्देशन अवैध ठरते. कुटुंब म्हणजे जोडीदार, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील, आणि जोडीदार म्हणजे पती किंवा पत्नी. वरील उदाहरणातील हिशेबनीस बाईंची आई त्यांच्यावर अवलंबून असेल, तर शिक्षिका बाईंचे नाव त्या लावूच शकत नाहीत. कुटुंब-निवृत्तिवेतनाचे तर विचारायलाच नको. ज्याची सारी पुंजी नोकरीतील निधीत आहे, अशा श्रमिकाला मृत्युपत्राच्या स्वातंत्र्याचा उपयोग मालमत्तावानापेक्षा कमी होतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता घराच्या प्रश्नाकडे वळावे. हिशेबनीस बाईंनी हयातीतच निम्मी सदनिका शिक्षिका बाईंच्या नावे करावयाची ठरविली, तर काय होईल? सदनिकेची किंमत ६० लाख रुपये धरली तर निम्मा हिस्सा ३० लाखांचा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार निवासी घर पतीला, पत्नीला किंवा मुलांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार लागू असेल तर तो वेगळा. परक्या व्यक्तीला दिल्यास विक्रीखताइतकेच शुल्क बाजारमूल्यावर भरावे लागते. शेकडा ५ चा दर धरला तर ते दीड लाख रुपये होते. येथेच थांबत नाही. आयकर कायद्याप्रमाणे नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षाला ५० हजार रुपयांहून अधिक किमतीची भेट मिळाली, तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न समजली जाते. पती आणि पत्नी मात्र परस्परांचे नातेवाईक म्हणून करमुक्त आहेत. म्हणजे जी शिक्षिका अठरा वर्षे त्या घराचा हप्ता भरीत आली, तिला आपलाच निम्मा हिस्सा नावावर करून घेताना ३० लाखांचे उत्पन्न झाले असे मानून कर द्यावा लागेल. २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने या भेदभावाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि न्यायालयाने भारताच्या महान्यायवादींना नोटीस काढली. हाच हिस्सा मृत्युपत्राने मिळाला असता तर आयकरही नाही आणि मुद्रांकही नाही. त्यामुळे व्यवहाराचा सल्ला असा निघतो की घर घेतानाच करारनाम्यात दोघांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहावा, हप्ते संयुक्त खात्यातून द्यावेत आणि पावत्या जपून ठेवाव्यात. ज्यांचे घर आधीच एकाच्या नावावर आहे, त्यांनी निदान मृत्युपत्राला विलंब लावू नये.

मृत्यूपेक्षाही कठीण प्रसंग आजारपणाचा असतो, आणि सर्वाधिक फसगत येथे होते. अनेक जोडपी एकमेकांना सर्वाधिकार मुखत्यारपत्र देऊन निश्चिंत होतात. इंग्लंडमध्ये बुद्धी क्षीण झाल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र कायद्याने करता येते. भारतात तसे नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मृत्यू पावली किंवा तिची मानसिक क्षमता गेली, की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे पक्षाघाताने शुद्ध हरपलेल्या जोडीदारासाठी हा कागद ज्या दिवशी हवा, त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. अशा वेळी पालकत्वासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. परदेशी नमुन्यावरून उतरवून घेतलेले मुखत्यारपत्र देणारा वकील येथे अशिलाला खोटा दिलासा देत असतो.

तथापि काही वाटा खुल्या आहेत, आणि त्या पुरेशा ठाऊक नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क दिला आहे. तो नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही, आणि नेमणूक साध्या कागदावर सही वा अंगठा करून होते. त्या कायद्याचे क्षेत्र मानसिक उपचारांपुरते आहे हे खरे, पण तेवढ्यापुरता तरी रक्ताच्या नात्याचा आग्रह कायद्याने सोडला, ही लहान गोष्ट नव्हे. आयुष्याच्या अखेरीस कृत्रिम उपचार थांबविण्यासंबंधीची पूर्वसूचना लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये तिची पद्धत सुलभ केली आणि आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती करता येते. याखेरीज रुग्णालयासाठी एक स्वतंत्र पत्र करून ठेवावे. शुद्ध असताना माहिती कोणाला द्यावी, भेटीला कोणाला येऊ द्यावे, निर्णयात कोणाचे मत घ्यावे, हे त्यात स्पष्ट असावे. ते प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक ठरेल असे नाही, पण रात्री दोन वाजता कर्तव्यावरील डॉक्टरला दाखविण्यासारखे काहीतरी हाती असते.

पार्थिवासंबंधीची गोष्ट अधिक क्लेशकारक आहे. केंद्रीय आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना पत्र लिहून, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा समलिंगी जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेऊ द्यावे, असे सुचविले. 'उपलब्ध नसतील तेव्हा' या तीन शब्दांत सारी मेख आहे. आयुष्यभर दूर राहिलेले नातेवाईक अंत्यसंस्काराच्या दिवशी उपलब्ध होतात, हा अनुभव काही नवा नाही. म्हणून अंत्यविधी कोणी आणि कसा करावा याची इच्छा लिहून ठेवावी आणि ती एखाद्या समंजस नातेवाइकाला आधीच दाखवून ठेवावी. येथे कागदापेक्षा माणूस उपयोगी पडतो.

मुलांच्या बाबतीत वाट आणखी अरुंद आहे. दत्तकविधानात जोडपे म्हणून मूल घेण्यासाठी विवाह आवश्यक आहे, आणि २०२३ च्या निकालात बहुमताने ही अट कायम ठेवली. एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येते, परंतु एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. म्हणजे दोघांनी वाढविलेल्या मुलाचा कायदेशीर पालक एकच. त्या पालकाने आपल्या पश्चात मुलाचा सांभाळ जोडीदाराने करावा, असे मृत्युपत्रात लिहून ठेवणे हे कर्तव्य समजले पाहिजे. न्यायालय मुलाचे हित पाहून निर्णय देते, आणि पालकाची लेखी इच्छा त्या वेळी मोलाची ठरते.

मित्रहो, एवढी कागदपत्रे करावयाची तर वकील कसा शोधावा, हा प्रश्न ओघानेच येतो. मुंबईत अद्याप 'सॉलिसिटर' हा शब्द चालतो. ब्रिटिश अमदानीत तेथील उच्च न्यायालयात दस्तऐवज करणारा सॉलिसिटर आणि बाजू मांडणारा वकील असे दोन वर्ग होते. हा भेद कायद्याने आता उरला नसला, तरी कामाचा भेद उरलाच आहे. न्यायालयात गाजणारा वकील मृत्युपत्र चांगले करील, असे नाही. येथे मालमत्ता, वारसा आणि कर यांचे दस्तऐवज नित्य करणारा वकील हवा. अविवाहित किंवा निपुत्रिक अशिलांची कामे त्याने केली असतील तर उत्तम, कारण कायद्याचे प्रश्न बरेचसे तेच असतात. पहिल्या भेटीत त्याला चार गोष्टी विचाराव्यात. मुखत्यारपत्र अशुद्धावस्थेत टिकते का? नॉमिनी मालक होतो का? बक्षीसपत्रावर कर कोणाला लागतो? आणि सर्व कामाची फी लेखी सांगाल का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे जो चुकीची देतो, त्याच्या सहानुभूतीचा उपयोग नाही. उलट उत्तरे अचूक, पण बोलण्यात कुत्सितपणा असेल, तर त्याच्यापुढे आयुष्याची खरी हकीकत मोकळेपणाने सांगितली जाणार नाही, आणि अर्धवट हकीकतीवर केलेला दस्तऐवज अर्धवटच राहतो.

अशिलाने सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, असे पुराव्याचा कायदा सांगतो. १८७२ च्या कायद्यातील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तेव्हा कुटुंबाच्या परिचयाचा, लग्नकार्यात भेटणारा वकील टाळावा, पण वकिलापासून सत्य लपवू नये. घरातील हिस्सा विषम असेल, किंवा एकाचे उत्पन्न दुसऱ्याहून फार अधिक असेल, तर दोघांनी वेगवेगळा सल्ला घ्यावा. प्रेमात हिशेब कसला, असे म्हणणारे नंतर न्यायालयात भेटतात, हा अनुभव विवाहितांचाही आहे. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर 'विवाहाचा करार' करून देतो म्हणणाऱ्यापासून दूरच राहावे. गुजरातेत १९७० च्या दशकात मैत्रीकरार गाजले होते. त्या करारांनी विवाहाचे हक्क मिळाले नाहीत आणि आजही मिळणार नाहीत. खर्च, घर आणि वस्तूंच्या वाटणीचा लेखी करार मात्र जरूर करावा. तो पुरावा म्हणून कामी येतो.

फी परवडत नसेल त्यांच्यासाठी एक तरतूद आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेस पात्र ठरविले आहे, आणि या सेवेत कायदेशीर सल्ल्याचाही समावेश होतो. उदाहरणातील दोघीही केवळ स्त्रिया म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊ शकतात. १५१०० हा त्याचा देशव्यापी दूरध्वनी क्रमांक आहे. प्रत्यक्षात तेथील मेजापलीकडचा माणूस त्यांच्याशी कसा वागेल, हा वेगळा प्रश्न. एप्रिल २०२३ मध्ये, खटला चालू असतानाच, भारतीय विधिज्ञ परिषदेने राज्य परिषदांसह ठराव करून हा विषय न्यायालयाने विधिमंडळावर सोडावा असे आवाहन केले होते. ज्या व्यवसायाच्या शिखरसंस्थेची भूमिका अशी, त्याच व्यवसायाच्या दारात या जोडप्यांना जावे लागते. म्हणून आधी जाऊन आलेल्यांना विचारून वकील निवडणे, हाच आजचा भरवशाचा मार्ग होय.

या साऱ्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हा मूठभर शहरी सुखवस्तूंचा प्रश्न आहे. न्या. चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात या समजाचे खंडन केलेच आहे. परंतु वरील हिशेबच त्याचे अधिक सडेतोड उत्तर देतो. सुखवस्तू जोडपे चांगला वकील करते, दोन नावांवर घर घेते, कर भरते आणि पुष्कळसे संरक्षण विकत घेते. ज्याची पुंजी भविष्य निर्वाह निधीत आणि ज्याचे छप्पर दुसऱ्याच्या नावावर, त्याला विकत घेण्यासारखे काही उरत नाही. केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळविले की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे. शिधापत्रिकेवर एकत्र नाव लागणे हा कोणाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप पुरोगाम्यांचा आहे. विवाहसंस्था मुळातच मालमत्तेची आणि पुरुषसत्तेची राखण करणारी, मग तिच्यात आणखी माणसे कशाला लोटावयाची? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु राज्यसंस्था निवृत्तिवेतन, करमाफी आणि वारसा यांची वाटणी विवाहाच्याच दारातून करीत असेल, तर त्या दाराबाहेर उभे राहण्याची किंमत बाहेरच्यांनाच भरावी लागते. दार रुंद करावे किंवा वाटणीची पद्धत बदलावी. दोन्ही न करता तत्त्वचर्चा करीत राहणे म्हणजे शिक्षिका बाईंना घराबाहेर काढणाऱ्या भावाची बाजू घेणे होय.

वाटणीची पद्धत बदलण्याची सुरुवात काही ठिकाणी झालेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये एका सेवाविषयक प्रकरणात, कुटुंब अविवाहित वा समलिंगी सहजीवनाचेही असू शकते, असे म्हटले. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये कौटुंबिक सहवासाचा नोंदणीकृत दस्तऐवज असावा, ही कल्पना विचारार्थ मांडली. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने मे २०२५ मध्ये, विवाह हाच कुटुंब स्थापण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे स्पष्ट केले. शेजारच्या थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह अमलात आला. आपल्याकडे मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०२४ मध्ये समिती नेमली गेली आहे. सल्लापत्रे निघाली, पण हक्क देणारा कायदा निघालेला नाही.

कायदा येईपर्यंत संघटनांना करण्यासारखी कामे आहेत. कामगार संघटनांनी सेवाशर्तींच्या वाटाघाटीत, कर्मचाऱ्याने लेखी नेमलेल्या जोडीदाराला वैद्यकीय विमा आणि रजेचे लाभ मिळावेत, ही मागणी घालावी. त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्थांनी संयुक्त सभासदत्वाचे अर्ज नात्याची चौकशी न करता स्वीकारावेत. वकिलांच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या मंडळांनी मृत्युपत्र, रुग्णालयाचे पत्र, प्रतिनिधीची नेमणूक आणि खर्चाचा करार या चार कागदांचे सोप्या मराठीतील नमुने तयार करून महिन्यातून एक दिवस विनामूल्य बसावे. शेतकऱ्याला सातबारा वाचायला शिकविणारे कार्यकर्ते या महाराष्ट्रात होऊन गेले आहेत. हे काम त्याच जातीचे आहे.

आणि ज्यांचा हा प्रश्न आहे, त्यांनी कायद्याच्या प्रतीक्षेत कागद पुढे ढकलू नयेत. हिशेबनीस बाई आणि शिक्षिका बाई यांच्यासारख्या जोडीला एक कोरा कागद, दोन साक्षीदार आणि एक दुपार पुरेशी आहे. त्या दुपारी केलेल्या मृत्युपत्राने निवृत्तिवेतन मिळणार नाही की भविष्य निर्वाह निधी मिळणार नाही. परंतु मागे राहिलेलीला स्वतःच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी लागणार नाही. तेवढे आज हाती आहे, ते करावे. उरलेल्यासाठी लढा चालू ठेवावा.